गुऱ्हाळाच्या चुलवाणातील जाळी : धातू, हवा आणि टिकाऊपणा यांचा विचार

प्रस्तावना

कोल्हापूरच्या गुळाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली आणि पुढे ती गुळाची पेठ म्हणून देशभर ओळखली जाऊ लागली. २०१४ मध्ये कोल्हापूरच्या गुळास भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. उसाच्या जाती, गुळाचा रंग, रसशुद्धीसाठी वापरली जाणारी भेंडी व रसायने, सौद्यातील दर यांवर चर्चासत्रे होतात, प्रबंध लिहिले जातात. परंतु ज्या अग्नीवर हा गूळ शिजतो, त्या अग्नीच्या खाली असणाऱ्या जाळीकडे अभ्यासकांचे आणि बहुतांशी गुऱ्हाळमालकांचेही लक्ष जात नाही. जाळी तुटते तेव्हाच ती आठवते.

प्रस्तुत लेखकास या विषयाकडे वळविणारी घटना घरचीच आहे. काही वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातील आमच्या चुलत्यांच्या गुऱ्हाळात, ऐन हंगामात, आधण निम्मे शिजलेले असताना चुलवाणातील जाळी मधोमध खचली. पेटलेले जळण राखेच्या खड्ड्यात गेले, हवेची वाट बंद झाली आणि जाळ मंदावला. अर्धवट आटलेला गरम रस काहिलीत तसाच पडून राहिला. अशा रसातील साखरेचे विघटन होऊन तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज बनते आणि मग गूळ नीट घट्ट होत नाही. त्या आधणाचा गूळ काळपट व चिकट झाला, वाफ्यातून काढताना रव्याला आकारही धरेना. विशेष म्हणजे ती जाळी जुनी नव्हती. आदल्याच वर्षी एका कारागिराकडून मोठी किंमत मोजून, स्टेनलेस पोलादाच्या पट्ट्या वेल्डिंगने जोडून ती करून घेतली होती. धातू चांगला होता, काम चोख होते, तरीही जाळी एका हंगामात गेली. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

जळणाचा हिशेब

जाळीची निवड हा केवळ लोहाराच्या दुकानातील व्यवहार नव्हे, हे समजण्यासाठी गुऱ्हाळाच्या उष्णतेचा ताळेबंद मांडणे आवश्यक ठरते. उदाहरणादाखल एक हजार किलो रस घेऊ. त्यात विरघळलेले घन पदार्थ साधारण १८ टक्के धरले, तर गूळ होईपर्यंत सुमारे ८०० किलो पाण्याची वाफ करावी लागते. एक किलो पाण्याची वाफ होण्यास २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे केवळ वाफेसाठी सुमारे १,८०० मेगाज्यूल, आणि रस २५ अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत नेण्यासाठी आणखी सुमारे ३०० मेगाज्यूल, अशी २,१०० मेगाज्यूल उष्णता काहिलीच्या तळातून आत गेली पाहिजे.

आता जळणाची बाजू पाहू. एवढा रस निघण्यास सुमारे १,६५० किलो ऊस गाळावा लागतो. चरकातून बाहेर पडणारे ओले चिपाड साधारण ६५० किलो भरते, पण त्यात निम्म्याच्या आसपास पाणी असते. उन्हात वाळवून ते ३४० किलोंच्या घरात येते. वाळलेल्या चिपाडाचे उष्णतामूल्य किलोस १५ मेगाज्यूल धरल्यास त्यात सुमारे ५,१०० मेगाज्यूल उष्णता साठलेली असते. याचा अर्थ असा, की गुऱ्हाळाला स्वतःच्या चिपाडावर चालायचे असेल तर जळणातील उष्णतेपैकी किमान दोन-पंचमांश वाटा काहिलीत पोहोचला पाहिजे. जुन्या पद्धतीच्या एक-काहिली चुलवाणात हा वाटा बहुधा याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. उरलेली उष्णता धुराड्यातून, भिंतींतून आणि न जळलेल्या काजळीच्या रूपाने निघून जाते.

ही तूट कशाने भरून काढली जाते, हे गुऱ्हाळाच्या परिसरात राहणाऱ्यांस सांगावे लागत नाही. पाचट येते, लाकूड विकत घ्यावे लागते आणि काही ठिकाणी जुने टायरही जाळले जातात. टायरच्या काळ्या धुराने आसपासच्या वस्तीस त्रास होतो, जाळ घालणाऱ्या गड्याच्या छातीत तो धूर दररोज जातो आणि ज्या गुळाला आपण मानांकन मिळविले त्याच्या नावाला काजळी लागते. टायर जाळू नयेत हे फलकावर लिहिणे सोपे आहे. परंतु जोपर्यंत चिपाड पुरत नाही, तोपर्यंत फलक वाचून कोणी थांबणार नाही. चिपाड पुरावयाचे तर ते पूर्ण जळले पाहिजे, पूर्ण जळण्यासाठी त्याला खालून मोजकी हवा मिळाली पाहिजे आणि ती हवा जाळीतूनच येते.

जाळी नेमके काय करते

जुन्या पद्धतीच्या अनेक चुलवाणांत जाळी नसेच. तोंडातून आत सारलेले चिपाड जमिनीवर पडून जळे आणि हवाही त्याच तोंडातून येई. परिणामी वरचा थर जळे आणि खालचा धुमसत राही. सुधारित चुलवाणात जळण जाळीवर पडते, खालच्या खड्ड्यातून हवा वर येते, राख खाली जाते आणि धुराड्याची ओढ ही सारी हालचाल चालू ठेवते. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने गुळाच्या चुलवाणांत ज्या सुधारणा केल्या, किंवा फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीच्या रसाची काकवी करण्याच्या निमित्ताने भट्टीवर जे काम केले, त्यांच्या मुळाशी जळणाला योग्य हवा मिळावी आणि ज्वाळेची उष्णता काहिलीला लागावी हाच विचार आहे.

चिपाडाचा एक विशेष येथे लक्षात घ्यावा लागतो. त्याच्या कोरड्या वजनापैकी सुमारे चार-पंचमांश भाग तापताच वायुरूप होतो आणि जाळीच्या वर, मोकळ्या जागेत, लांब ज्वाळेने जळतो. मागे निखारा थोडाच उरतो. लाकडाचे तसे नाही. लाकडाचा निखारा जाड थराने जाळीवर बसून राहतो आणि धातूला सतत भाजतो. म्हणून केवळ चिपाडावर चालणाऱ्या चुलवाणास जी जाळी तीन-चार हंगाम पुरते, तीच बाभळीची लाकडे घातली की लवकर वाकते. जाळी घेताना 'तुमच्याकडे जळण कोणते?' हा पहिला प्रश्न विचारला गेला पाहिजे. प्रत्यक्षात दुकानदार फक्त लांबी-रुंदी विचारतो.

निखाऱ्याचा हा फरक गुळव्याच्या कामाशीही निगडित आहे. काकवीसाठी रस साधारण १०४ ते १०६ अंशांपर्यंत आणि गुळासाठी ११८ अंशांच्या आसपास न्यावा लागतो. शेवटच्या काही अंशांत गुळव्याने सांगताक्षणी जाळ थांबला पाहिजे, अन्यथा गूळ करपतो व रंग जातो. चिपाडाचा जाळ हात थांबताच ओसरतो. लाकडाच्या निखाऱ्याने भरलेली जाळी मात्र कोणाचे ऐकत नाही.

समुद्रापलीकडचे एक उदाहरण

हीच अडचण एका वेगळ्याच गोडव्याच्या धंद्यात कशी हाताळली गेली हे पाहणे उद्बोधक ठरेल. कॅनडातील क्वेबेक आणि अमेरिकेतील व्हरमाँट या प्रदेशांत मेपल वृक्षाच्या खोडातून हिवाळा सरताना पाझरणारा रस आटवून पाक करतात. तेथील मूळ रहिवाशांना हे कौशल्य युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून अवगत होते. मेपलच्या रसात साखर अवघी दोन टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे एक लिटर पाकासाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. आपल्या उसाच्या रसाला पाच-सव्वापाच किलोंस एक किलो गूळ पडतो हे ध्यानात घेतले, म्हणजे त्यांच्या भट्टीवर केवढा भार येत असेल याची कल्पना येते. तेथे परंपरेने लाकूड जाळले जाते आणि भट्टीत बिडाच्या जड जाळ्या बसवितात. अनेकांनी पुढे जाळीखालून पंख्याने हवा देण्याची सोय केली. पंख्याची हवा जळणाला जशी पोचते तशी ती बिडाच्या पट्ट्यांनाही थंड ठेवते, हा आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग होय. काहींनी तर आटविण्याआधीच रसातील बरेचसे पाणी गाळणीच्या दाबयंत्रणेने काढून टाकून जळणाचा प्रश्नच निम्मा करून टाकला. आपल्याकडे तेवढा खर्च आज कोणी करणार नाही, पण पंख्याची गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

जाळी का जळते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चुलवाणातील ज्वाळेचे तापमान हजार अंशांच्या आसपास असते. साध्या पोलादाचा वितळणबिंदू सुमारे १,५०० अंश आहे. म्हणजे जाळी वितळून जात नाही. ती तीन वेगळ्या मार्गांनी नष्ट होते आणि या तिन्ही मार्गांचा उगम एकाच ठिकाणी असतो.

पहिला मार्ग ऑक्सिडीकरणाचा. लोखंड तापले की त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा थर धरतो. सुमारे ५७० अंशांच्या खाली हा थर तुलनेने दाट असतो आणि सावकाश वाढतो. त्यापुढे थराच्या तळाशी वुस्टाइट नावाचे एक वेगळे ऑक्साइड तयार होऊ लागते. त्यातून लोहाचे अणू सहज बाहेर सरकतात आणि थर झपाट्याने जाड होतो. आधण उतरले, जाळी थंड झाली, की आकुंचनाने हा थर पोपड्यासारखा गळून पडतो आणि नवे लोखंड उघडे पडते. दिवसाला चार-पाच आधणे झाली तर हे चक्र तितक्या वेळा फिरते. हंगामाच्या शेवटी राखेत जे काळे पापुद्रे सापडतात, ती आपली जाळीच असते.

दुसरा मार्ग वाकण्याचा. पोलाद चारशे-साडेचारशे अंशांपुढे सतत भाराखाली राहिले, तर तो भार एरवी सहज पेलणारा असला तरी धातू अतिशय मंद गतीने ढळत राहतो. धातुशास्त्रात यास क्रीप म्हणतात. जाळीवर भार मोठा नसतो, पण तिचे स्वतःचे वजन आणि जळण ढकलताना बसणारा दाब एवढे त्यास पुरेसे होते. त्यातच प्रसरणाची भर पडते. एक मीटर लांबीची साध्या पोलादाची पट्टी ६०० अंशांनी तापली तर साधारण आठ-नऊ मिलिमीटरने वाढते. स्टेनलेसची त्याहून अधिक, अकरा मिलिमीटरच्या आसपास. वाढण्यास जागा नसेल तर पट्टी धनुष्यासारखी वाकते किंवा वेल्डिंगचा जोड तोडते.

तिसरा मार्ग राखेचा. चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर असते आणि पोटॅशियमही असते. ऊस मातीसकट आला असेल तर सिलिका आणखी वाढते. ही दोन्ही एकत्र तापली की त्यांचे काचेसारखे मिश्रण बनते आणि ते आठशे-नऊशे अंशांतच मऊ पडू लागते. हे खंगर पट्ट्यांना चिकटते, फटी बुजवते आणि पहारेने ठोकून काढावे लागते. राखेतील क्लोराइडमुळे तर स्टेनलेसचा तो संरक्षक क्रोमियमचा थरही पोखरला जातो. टायर जाळणाऱ्याच्या जाळीला याशिवाय गंधकाचा मारा सोसावा लागतो आणि टायरमधील तारांची गुंतवळ फटींत अडकते ती वेगळीच.

हे तिन्ही मार्ग तापमानावर अवलंबून आहेत आणि पट्टीचे तापमान ज्वाळेवर जितके, तितकेच खालून येणाऱ्या हवेवर अवलंबून असते. किलोभर वाळल्या चिपाडास जळण्यासाठी किमान पाच ते सहा किलो हवा लागते. ताशी २०० किलो चिपाड जळत असेल तर हजार-अकराशे किलो थंड हवा दर तासाला पट्ट्यांना घासून वर जात असते. ही हवा हाच पट्ट्यांचा खरा संरक्षक होय. पट्ट्यांवर बोटभर राखेचा थर राहू दिला तर तोही वरच्या ज्वाळेपासून आडोसा करतो. परंतु हीच राख खालच्या खड्ड्यात साचली, तिच्यात निखारे धुमसू लागले आणि ढीग पट्ट्यांच्या जवळ आला, की हवा अडते आणि पट्टी वरून व खालून अशी दोन्ही बाजूंनी भाजू लागते. चुलत्यांच्या गुऱ्हाळात नेमके हेच झाले होते. नवी, महागाची जाळी आहे म्हणून सर्वांना निर्धास्त वाटत होते. खड्ड्यातील राख आठवड्याने एकदा निघे. शिवाय जाळीची चौकट वेल्डिंगने एकसंध करून चारही बाजूंनी विटांत घट्ट बसविली होती. प्रसरणाला जागाच नव्हती. साध्या पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावणारा धातू वापरल्याने जाळी उलट अधिकच वाकली.

जाळीची प्रकृती पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही. रात्रीच्या आधणाच्या वेळी, जाळ ऐन भरात असताना, राखेच्या खड्ड्याच्या तोंडाशी वाकून पट्ट्यांची खालची बाजू पाहावी. लोखंड अंधारात सुमारे ५२५ अंशांपासून मंद लाल दिसू लागते आणि ऑक्सिडीकरणाचा वेग ज्या ५७० अंशांपुढे वाढतो, ती मर्यादा त्याच्या थोडीच पुढे आहे. म्हणजे निसर्गाने इशाऱ्याचा दिवा अगदी योग्य जागी लावून ठेवला आहे. पट्ट्या खालून काळ्या दिसल्या तर जाळी सुरक्षित आहे. लाल दिसल्या तर धातू बदलण्याआधी हवा, राख आणि धुराड्याची ओढ तपासावी.

धातूंची तुलना

हवेची व्यवस्था नीट आहे असे गृहीत धरले, तरच धातूचा विचार अर्थपूर्ण ठरतो. आपल्याकडे सर्वाधिक वापर बांधकामाच्या सळ्यांचा होतो, कारण त्या हाताशी असतात. परंतु आजच्या टीएमटी सळीची ताकद ही कारखान्यात पाण्याने झटकन थंड करून तिच्या बाह्य कडीला दिलेली असते. चुलवाणात ती पुन्हा तापली की ही ताकद राहत नाही. शिवाय गोल सळीला उंची नसते, त्यामुळे ती लवकर झुकते. एका हंगामाची सोय म्हणून सळ्या ठीक आहेत. रेल्वेच्या रुळाचे तुकडेही काही ठिकाणी दिसतात (ते कोठून आले हे विचारण्याची पद्धत नाही). रूळ वजनदार असल्याने पुष्कळ टिकतो हे खरे, पण त्याचा माथा रुंद असतो. त्यामुळे जाळीतील मोकळी जागा कमी होते आणि जळण अर्धवट जळते. जाळी टिकली आणि चिपाड वाया गेले, असा तो सौदा आहे. जस्ताचा मुलामा दिलेले पाइप वा जाळ्या मात्र कदापि वापरू नयेत. तापलेल्या जस्ताचा धूर विषारी असतो आणि येथे तर वर खाद्यपदार्थ शिजत असतो. पोकळ पाइपांतून पाणी खेळवून जाळी थंड ठेवण्याची कल्पना काही हौशी मंडळी मांडतात. पाण्याची वाट चुकून बंद झाली तर आत वाफ कोंडून स्फोट होऊ शकतो, एवढे सांगून तो विषय सोडून देतो.

स्टेनलेस पोलादाबाबत सरसकट मत देता येत नाही. ३०४ या प्रकारचे पोलाद वारंवार तापणे-थंडावणे असेल तर ८७० अंशांच्या आसपासपर्यंत पोपडे धरत नाही, ३१० हा प्रकार हजार अंशांच्याही पुढे टिकतो. परंतु ३१० ची किंमत साध्या पोलादाच्या कितीतरी पट आहे आणि स्टेनलेसमधून उष्णता सावकाश वाहते, त्यामुळे पट्टीच्या माथ्यावरची उष्णता खाली हवेत सोडली जात नाही. दोन्ही टोके मोकळी ठेवून, सुट्या पट्ट्यांच्या रूपात ते वापरले तर उपयोगी पडेल. पण गुऱ्हाळासारख्या हंगामी धंद्यात हा खर्च फिटेल असे वाटत नाही.

प्रस्तुत लेखकाचा कल बिडाकडे आहे. बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि त्यातील बराचसा ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे उष्णता चांगली वाहते आणि बीड पोलादाप्रमाणे लोंबत नाही. त्याचा दोष वेगळा आहे. बीड दीर्घकाळ पाचशे अंशांच्या पुढे राहिले तर त्यातील लोह-कार्बाइडचे विघटन होऊन नवे ग्रॅफाइट सुटते, पापुद्र्यांच्या कडेने ऑक्सिजन आत शिरतो आणि पट्टी कायमची फुगते. सातशे अंशांच्या आसपास हा प्रकार वेग धरतो. फुगलेल्या पट्टीवर पुढे बारीक तडे जातात आणि पहारेच्या एका ठोक्याने ती तुटते. ओतताना अर्धा ते एक टक्का क्रोमियम मिसळल्यास कार्बाइड स्थिर राहते आणि फुगणे बरेच कमी होते. चार ते सहा टक्के सिलिकॉन असलेले बीड ऑक्सिडीकरणास आणखी चांगले तोंड देते, परंतु ते थंड असताना फार ठिसूळ असते आणि चुलवाणात पहार चालणारच हे गृहीत धरावे लागते. म्हणून अल्प क्रोमियमयुक्त साधे करडे बीड हा मध्यम मार्ग योग्य वाटतो. येथे उच्च ताकदीच्या प्रतीचा आग्रह धरण्याचे कारण नाही. किंबहुना जास्त कार्बनचे, कमी ताकदीचे बीड तापणे-थंडावणे अधिक चांगले सोसते. मात्र मिळेल ते भंगार वितळवून केलेले ओतकाम टाळावे. त्यात फॉस्फरस जास्त आला तर धातूच्या कणांमध्ये साडेनऊशे अंशांच्या आसपास वितळणारे मिश्रण राहते आणि पट्टी गरम असताना कच्ची पडते.

पट्टीचा आकार आणि बसविण्याची रीत

एकाच बिडाची चपटी पट्टी आणि उभी पट्टी यांच्या आयुष्यात फार अंतर पडते. उत्तम पट्टी माथ्याशी पंधरा-वीस मिलिमीटर रुंद, खाली निमुळती होत गेलेली आणि ७५ ते १०० मिलिमीटर उंच असावी. ही उंची दोन कामे करते. एक तर पट्टी वाकत नाही. दुसरे म्हणजे तिचा खालचा भाग थंड हवेत बुडालेला राहून माथ्यावरची उष्णता खेचून घेतो, जसे मोटारसायकलच्या इंजिनावरील पंख करतात. निमुळतेपणामुळे दोन पट्ट्यांमधील फट खाली रुंदावत जाते, त्यामुळे वरच्या फटीतून जे उतरले ते खाली अडकत नाही. माथ्याशी फट साधारण दहा मिलिमीटर ठेवावी. त्याहून मोठी ठेवली तर चिपाडाचा भुसा न जळताच खाली जातो, लहान ठेवली तर खंगर तिला लवकर बुजवतो. जाळीच्या क्षेत्रफळापैकी एक-तृतीयांशाहून कमी जागा मोकळी राहिली तर हवा कमी पडते, असे समजण्यास हरकत नाही.

पट्ट्या सुट्या असाव्यात, ही या सर्वांतील महत्त्वाची बाब. दोन आडव्या आधारांवर त्या नुसत्या ठेवाव्यात. एका टोकास खाच, दुसरे टोक मोकळे आणि त्या टोकाशी मीटरमागे दहा-बारा मिलिमीटरची जागा सोडलेली, एवढे पुरे. एखादी पट्टी गेली तर ती एकटीच बदलता येते. वेल्डिंगच्या जाळीत एक पट्टी गेली की सगळी जाळी जाते.

राहिला माणसाचा भाग. रात्री काम संपल्यावर जाळ लवकर विझावा म्हणून जाळीवर पाणी मारण्याची सवय अनेक गुऱ्हाळांत आहे. तापलेल्या बिडाला इतके घातक दुसरे काही नाही. राख रोज, शक्य तर दर दोन आधणांनंतर ओढावी. परंतु हे काम ज्याच्याकडे येते तो जाळ घालणारा गडी दिवसभर चुलवाणाच्या तोंडाशी भाजलेला असतो आणि राखेचा खड्डा बहुधा असा अडचणीत केलेला असतो, की त्यात वाकून उतरावे लागते. मग राख साचली तर दोष त्याला देण्यात अर्थ नाही. खड्ड्याला बाहेरून, उभ्याने फावडे चालेल असे तोंड ठेवले तर राख आपोआप वेळेवर निघते. आमच्या चुलत्यांच्या गुऱ्हाळात पुढील दसऱ्यानंतर हंगाम सुरू होण्यापूर्वी हे तोंड रुंद केले आणि त्याचबरोबर बिडाच्या सुट्या पट्ट्या बसविल्या. दोन्हींपैकी कशाचा गुण अधिक हे वेगळे काढून सांगता येणार नाही, मात्र रात्री वाकून पाहिले असता पट्ट्या खालून काळ्या दिसत, आणि त्या हंगामात पहार फारशी उचलावी लागली नाही.

पट्ट्या ओतून घेताना

कोल्हापूर हे जसे गुळाचे, तसेच ओतकामाचेही केंद्र आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांतून मोटारींचे व इंजिनांचे सुटे भाग देशभर जातात. ज्या शहरात असे बीड ओतले जाते, त्याच्या दहा-पंधरा मैलांच्या परिसरातील गुऱ्हाळे सळ्यांच्या जाळीवर चालावीत, यात विसंगती आहे. तिचे कारण व्यवहारातले आहे. वीस-पंचवीस पट्ट्यांसाठी कोणताही मोठा कारखाना वेगळा पॅटर्न करून देत नाही आणि क्रोमियम मिसळलेले वेगळे ओतकामही घेत नाही. एका गावातील चार-पाच गुऱ्हाळमालकांनी एकाच मापाचा पॅटर्न मिळून करून घेतला, तर ही अडचण दूर होते. तो पुढे वर्षानुवर्षे वापरता येतो आणि प्रत्येक गुऱ्हाळात चार पट्ट्या जादा ठेवता येतात. पॅटर्न करताना ओतलेले बीड थंड होताना सुमारे एक टक्क्याने आटते, हे पॅटर्न करणारा स्वतःच धरतो. गुऱ्हाळमालकाने फक्त एक काळजी घ्यावी. माप जुन्या पट्टीवरून देऊ नये, चुलवाण थंड असताना आतल्या आधारांमध्ये फीत धरून घ्यावे. जुनी बिडाची पट्टी हंगामागून हंगाम फुगत आलेली असते. तिच्या मापाने ओतलेली नवी पट्टी पहिल्याच दिवशी विटांना जाऊन भिडते.